सातव्या खाटेचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकातला नाही आणि खिडकीतलाही नाही. नाटकाच्या पडद्याकडे लोक डोळे लावून बसतात आणि खिडकीच्या पडद्याला निदान वारा तरी लागतो. मी एका इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डात, सातव्या खाटेभोवती टांगलेला पडदा आहे. छताजवळ एक लोखंडी पट्टी आहे. तिच्यात माझे बावीस आकडे अडकवलेले आहेत. भिंतीपासून खांबापर्यंत जायचं आणि खांबापासून भिंतीपर्यंत परत यायचं, एवढाच माझा प्रवास. तोही माझ्या मर्जीने नाही. कोणी ओढलं तरच.

मित्रांनो, मी मुळात असा मळकट नव्हतो. गिरणीतून आलो तेव्हा माझा रंग कोवळ्या पानासारखा होता. इस्पितळाच्या तळघरात तेव्हा शिवणकामाचा विभाग होता. तिथल्या बाईंनी मला मापात कापलं, वर आकड्यांसाठी भोकं पाडली आणि दोन्ही बाजूंच्या कडांना दुहेरी दुमड घातली. शेजारच्या मशिनवरच्या बाईने विचारलं की पडद्याला कशाला एवढे सोपस्कार करतेस. त्यावर त्या म्हणाल्या होत्या की याला दिवसाला शंभर हात लागतील, कड पक्की नको का. ते ऐकून मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. आपल्याला शंभर हात लागणार म्हणजे आपण केवढे कामाचे!

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. डॉक्टर तपासायला आले की मला ओढून घ्यायचे आणि आतल्या बाईला हायसं वाटायचं. कपडे बदलताना, जखम बांधताना, कोणाला चारचौघांत रडायचं नसताना मीच आडोसा व्हायचो. एकदा एक म्हातारी शिक्षिका घरी जाताना मला कुरवाळून म्हणाली होती, "तीस माणसांत राहून मला एकटं राहता आलं, ते या पडद्यामुळे." अशी शाबासकी मी पुढे पुष्कळ दिवस मनात घोळवत असे.

पण हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खाटेवरची चादर रोज धुवायला जायची. उशीचा अभ्रा जायचा, रुग्णांचे झगे जायचे, पांघरुणं जायची. मी तिथेच. माझं धुणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. धोबीखाना म्हणायचा, आमच्या यादीत पडदा नाही. वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, काढून द्या, आम्ही पोचवतो. काढायला शिडी लागायची. शिडी वायरमनच्या ताब्यात, आणि वायरमन म्हणायचा, वरून लेखी आणा. वर म्हणजे कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं. मी खरोखरच वर लटकत होतो, पण माझं कोण ऐकणार? शिवाय माझा रंग मळ दाखवणारा नव्हता, हेही माझं दुर्दैव. लांबून मी स्वच्छच दिसायचो.

आणि हात मात्र लागत राहिले. हातांनी मी माणसं ओळखू लागलो. डॉक्टरांचे घाईचे हात, नर्सचे कोरडे पडलेले हात, फरशी पुसणाऱ्या मावशींचे ओले हात, भेटायला आलेल्यांचे घामेजलेले हात. छातीच्या उंचीवर माझ्या कडेचा एक पट्टा हळूहळू कडक आणि काळपट झाला. त्या पट्ट्यात काय काय साठलं होतं, ते मला कळत होतं. झटकता येत नव्हतं.

अशात एके दिवशी सातव्या खाटेवर टपालवाली आली.

ती तिशीच्या आतली होती. टपाल वाटायचं काम सात वर्षं करत होती, तेही पायी, कारण तिच्या भागातल्या गल्ल्या सायकलीला पुरत नव्हत्या. तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टे होते. दोन वर्षं सगळे म्हणत होते, उन्हात फिरतेस म्हणून. बोटं दुखायची, पत्रं लावताना हातातून सुटायची. सगळे म्हणत होते, दगदग. शेवटी पाय सुजले, चपलेत मावेनात, तेव्हा तिची सासू तिला घेऊन इथे आली. नवरा लांब एका धरणाच्या कामावर होता आणि त्याला महिन्याकाठी एकदाच सुटी मिळायची. म्हणून खाटेशेजारच्या स्टुलावर सासूच बसली.

ही सासू लाँड्रीवाली होती. बत्तीस वर्षं तिने लोकांचे कपडे धुतले होते, इस्त्री केले होते. आता गुडघ्यांमुळे काम सोडलं होतं, पण नजर सुटली नव्हती. आलेल्या डॉक्टरांच्या कोटाची कॉलर ती आधी बघायची आणि मग त्यांचा चेहरा. सून हळूच दटावायची, "आई, असं बघू नका." सासू म्हणायची, "बघतेय कुठे? दिसतंय."

वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. तपासण्या झाल्यावर त्या माझ्या आत आल्या, खाटेच्या कडेवर टेकल्या आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ल्यूपस. नाव ऐकून दोघींच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तेव्हा मॅडमनी टपालवालीला विचारलं की तुझ्या वाटेवर कुत्री आहेत का. ती म्हणाली, पुष्कळ.

"मग तुला कळेल. माणसाच्या अंगात राखणीचं एक कुत्रं असतं. बाहेरून जंतू आले की ते त्यांच्यावर धावून जातं. तुझं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागलंय. सांध्यांना, कातडीला आणि आता मूत्रपिंडांना. त्याला शांत करायला मी जोरदार औषध देणार आहे. ते घरच्यांना चावायचं थांबेल. पण एक लक्षात ठेव. चोर आला तर ते भुंकणारही नाही."

टपालवालीने मान डोलावली. सासूने विचारलं की मग राखण कोणी करायची. मॅडम म्हणाल्या, आपण सगळ्यांनी. आणि उठताना, सवयीने, मला धरून बाजूला सारलं.

औषध लागू पडलं. तीन दिवस ते सलाईनमधून गेलं, मग गोळ्या सुरू झाल्या. पायांची सूज उतरली, चेहरा मात्र गोल झाला. बोटं वळायला लागली. दुपारी जेवणं झाली की टपालवाली डोळे मिटून आपली वाट चालायची. म्हणजे पडल्या पडल्या तोंडाने. कचेरीतून निघाले, औषधाचं दुकान, त्यावर दातांचे डॉक्टर, तीन जिने. मग निळं दार, तिथल्या आजोबांना पत्र नसलं तरी हाक मारायची. मग बोळ, बोळात लंगडं कुत्रं. मग शिंप्याच्या दुकानावरून उजवीकडे. सासू तिचं मनगट हातात धरून ऐकायची. दोघींची ती एकशे बारा घरांची फेरी रोज व्हायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झाली. मी आयुष्यात एक गल्ली पाहिली नव्हती आणि आता मला एकशे बारा दारं माहीत होती.

नवव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, असंच चाललं तर चार-पाच दिवसांत घरी.

मित्रांनो, आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं.

आठव्या खाटेवर एक आजीबाई होत्या. त्यांच्या पायाला जखम होती, ती चिघळली होती. त्या दिवशी जखम बांधायला आलेला माणूस घाईत होता. अजून अकरा जणांच्या पट्ट्या व्हायच्या होत्या. आजीबाईंचं आवरून तो वळला, तेवढ्यात टपालवालीच्या हाताला सलाईनसाठी लावून ठेवलेल्या सुईची पट्टी सुटल्याचं सासूने सांगितलं. त्याने त्याच हातमोज्याने मला ओढलं. माझ्या कडेला ओल लागली. मग त्याला आठवलं, त्याने मोजे काढून टाकले, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, चांगले धुतले. परत आला आणि धुतलेल्या हाताने मला त्याच ठिकाणी धरून आत शिरला. मग त्याने तिच्या सुईची पट्टी नीट केली.

मी सगळं पाहिलं. मला ना तोंड, ना पाय. आकड्यांतून सुटून खाली पडता आलं असतं तर मी पडलो असतो.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी टपालवाली गप्प झाली. जेवण नको म्हणाली, सांधे दुखतात म्हणाली. ताप पाहिला तर नावापुरता, अंग जेमतेम कोमट. वॉर्डातले तरुण डॉक्टर आले. माणूस चांगला होता, पण तीन दिवसांत धड झोपला नव्हता. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले की आजार परत उसळतोय असं दिसतं, कुत्र्याला आवरायच्या औषधाचा डोस वाढवावा लागेल. नर्सबाई लिहून घेऊ लागल्या.

सासू स्टुलावरून उठली. मॅडम त्याच वेळी फेरीवर चौथ्या खाटेपाशी होत्या. ती सरळ तिथे गेली. फेरीत मध्ये बोलायची पद्धत नव्हती, पण ती बोलली.

"मॅडम, ताप नाही हे खरं. पण माझी सून आज वाट चुकली."

मॅडमना कळेना. सासूने सांगितलं की रोज ही न अडखळता एकशे बारा घरं करते. आज मी म्हटलं, चल, निघ कचेरीतून. तर एकाच बोळात तीनदा शिरली. पुन्हा लंगडं कुत्रं, पुन्हा लंगडं कुत्रं. बाहेर पडायचा रस्ताच सापडेना. मग रडायला लागली की मला इथून काढा.

मॅडमनी हातातला कागद दुसऱ्याकडे दिला आणि त्या सातव्या खाटेपाशी आल्या. त्यांनी सुईवरची पट्टी उचलून पाहिली. सुईपासून कोपराकडे एक लाल रेघ गेली होती. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. मग त्या तरुण डॉक्टरांना शांतपणे म्हणाल्या, "या औषधावर असलेल्या माणसाला ताप येईलच असं नाही. कुत्रं झोपलंय, भुंकणार कोण? डोस वाढवू नका. ही सुई काढा. दोन्ही हातांतून रक्त घ्या, जंतू तपासायला पाठवा. आणि प्रतिजैविक आत्ताच सुरू करा, रिपोर्टची वाट पाहायची नाही."

तरुण डॉक्टरांचा चेहरा उतरला. वाढवलेला डोस गेला असता तर काय झालं असतं, ते त्यांना तेवढ्यात कळलं होतं. रक्त त्यांनी स्वतः काढलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. रक्तात जंतू होता. आठव्या खाटेवरच्या आजीबाईंच्या जखमेत होता तोच, आणि पुष्कळ औषधांना दाद न देणारा. टपालवालीला वेगळ्या खोलीत हलवायला हवं होतं. पण वेगळ्या खोल्या दोनच होत्या आणि दोन्ही भरलेल्या. मग ठरलं की सातव्या खाटेभोवतीचा पडदा चोवीस तास बंद ठेवायचा. तीच तिची खोली.

म्हणजे मीच तिची भिंत झालो.

त्या दिवसांइतकं कोंडलेपण मी कधी अनुभवलं नाही. आत ती, बाहेर मी, असं म्हणायचीही सोय नव्हती. तिने डोळे उघडले की तिला जिकडेतिकडे मीच दिसायचो. खिडकी दिसायची नाही, दार दिसायचं नाही, दिवस आहे की संध्याकाळ ते कळायचं नाही. भेटायला येणाऱ्यांपैकी आत फक्त सासूला परवानगी होती. रक्तदाब खाली यायचा, नर्सबाई धावायच्या, पुन्हा जरा सावरायचा. शुद्धीवर असली की टपालवाली पुटपुटायची, "आई, जरा बाजूला करा ना हे. गुदमरल्यासारखं होतंय." सासू म्हणायची, "जरा कळ काढ, बाळा. हे तुझ्या भल्यासाठी आहे." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माझ्यावर टाचणीने एक लाल पाटी लावली होती. आत येण्यापूर्वी हात धुवा. सगळे इमानदारीने वाचायचे. बेसिनपाशी जायचे, साबण लावून हात धुवायचे, कोरडे करायचे. आणि त्या स्वच्छ हातांनी मला धरून बाजूला सारायचे.

दोन दिवस सासू हे पाहत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चष्मा लावला, माझी कड दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. बोटांनी चुरून पाहिली. नाकाशी नेली. मग बाहेर जाऊन स्वतःचे हात धुतले आणि वॉर्डाच्या मुख्य सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

तिने आवाज चढवला नाही. विचारलं की हा पडदा शेवटचा कधी धुतला. सिस्टर म्हणाल्या, बघून सांगते. त्यांनी एक वही पाहिली, दुसरी पाहिली. धोबीखान्याला फोन केला, यादीत पडदा नव्हता. मावशींना विचारलं, मावशींनी वायरमनचं नाव घेतलं. चिडून सिस्टर म्हणाल्या, "काकू, तीस खाटा आणि आम्ही तिघी. पडद्याचं काय घेऊन बसलात?"

"सिस्टर, तुम्ही हात धुता. मग हा धरता. मग तिला धरता. मग धुतलं काय?"

सिस्टरनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सारून उठल्या.

त्याच दुपारी जंतूंच्या तपासणीचं काम पाहणाऱ्या बाई आल्या. त्यांनी ओल्या कापसाच्या काडीने माझी कड पुसली आणि काडी नळीत बंद करून नेली. पुढे निकाल आला, तो मला आधीच ठाऊक होता. तोच जंतू. त्या बाई मात्र सरळ म्हणाल्या की तिच्या रक्तात तो या पडद्यावरूनच गेला, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. हातावरून गेला असेल, आणखी कशावरून गेला असेल. पण इथे तो होता, हे नक्की. मित्रांनो, त्यांनी मला अर्धवट निर्दोष सोडलं. मी स्वतःला सोडलेलं नाही.

शिडीसाठी लेखी आणायला सिस्टर थांबल्या नाहीत. वायरमनच्या खोलीतून ती त्यांनी स्वतः उचलून आणली. खाटेभोवती तात्पुरत्या दोन स्वच्छ चादरी बांधल्या. सिस्टर वर चढल्या, सासूने खालून शिडी धरली. आकडे गंजले होते. तीन तुटले. खाली घेताना सासू सांगत होती, झटकू नका, आत घडी घाला, मळकी बाजू आत. मला एका मोठ्या पिशवीत भरून पिशवीचं तोंड गच्च बांधलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी वॉर्डाबाहेर पडलो, आणि काही म्हणता काही दिसलं नाही. लिफ्टचा आवाज आला, कुठेतरी कोणी हसत होतं, मग ऊन लागल्यासारखं वाटलं. तेवढंच.

कढत पाण्यात मला दोनदा काढलं. माझ्यातून निघालेलं पाणी काळंभोर होतं. त्याच दिवसापासून वॉर्डातले सगळे पडदे उतरायला लागले.

चार दिवसांनी मला परत टांगलं तेव्हा मी थोडा आखडलो होतो आणि रंग उडाला होता. आठवी खाट रिकामी होती. आजीबाई गेल्या, असं मावशींच्या बोलण्यातून कळलं. टपालवाली उशीला टेकून बसली होती. गालांची हाडं वर आली होती, पण डोळे जागेवर होते. पुढचे दोन आठवडे औषधं चालली. मूत्रपिंडांचं जे नुकसान व्हायचं ते काही झालं, काही टळलं. मॅडमनी सांगितलं की औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागेल, गर्दी टाळावी लागेल, आणि ऊन तर अजिबात चालणार नाही. टपाल खात्याने तिला आतलं काम द्यायचं कबूल केलं होतं. पत्रं गल्लीवार लावायची, वाटायला दुसरं कोणी जाईल.

ते ऐकून तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, म्हणजे आता मी आतच."

सासूने तिला खोटा दिलासा दिला नाही. ती म्हणाली, "हो. काही वर्षं तरी आतच." आणि मग तिचं मनगट धरून म्हणाली, "चल. कचेरीतून निघ." टपालवालीने मान हलवली. त्या दिवशी तिला चालायचं नव्हतं. सासूनेच मग सुरुवात केली, औषधाचं दुकान, दातांचे डॉक्टर. मध्येच एक घर चुकवलं. मला वाटतं, मुद्दाम. सून न राहवून म्हणाली, "निळं दार राहिलं."

घरी जायच्या आदल्या दिवशी सासूने पिशवीतून सुईदोरा काढला. एक पांढरी कापडी पट्टी माझ्या खालच्या टोकाला, डाव्या बाजूला शिवली. पट्टीवर पेनाने रकाने पाडले. पहिल्या रकान्यात सिस्टरनी धुतल्याची तारीख घातली. दर पंधरा दिवसांनी उतरवायचा, असं दोघींमध्ये ठरलं. दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. टपालवाली तोंडावर मास्क लावून, सासूचा खांदा धरून हळूहळू चालत होती. सासूने मला कोपराने बाजूला केलं.

मित्रांनो, इथेच थांबता आलं असतं तर बरं होतं. त्या पट्टीवर पुढे पाच तारखा पडल्या. मग सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. नव्या सिस्टर वाईट नाहीत. त्यांच्याही वाट्याला तीस खाटा आहेत, आणि त्यांना पट्टीबद्दल कोणी सांगितलेलं नाही. शिडी परत वायरमनच्या खोलीत गेली आहे. पट्टीवरच्या सहाव्या, म्हणजे शेवटच्या तारखेला आता अकरा आठवडे होत आले. माझी कड पुन्हा कडक होऊ लागली आहे. सातव्या खाटेवर आज सकाळीच कोणीतरी आलं आहे आणि तेव्हापासून मला सत्तावीस हात लागले आहेत.

मला कोणावर रागवायचं नाही. ज्यांनी मला धरलं, ते सगळे कोणाला तरी बरं करायलाच आत शिरत होते. पण ज्यांच्या अंगातली राखण औषधाने झोपवलेली असते, त्यांची राखण बाहेरच्यांनीच करावी लागते. मला धरलंत तर पुन्हा हात धुवा, मगच त्यांना हात लावा. आणि तुमचं माणूस कधी अशा पडद्याआड झोपलेलं असेल, तर भिडेपोटी गप्प बसू नका. मला विचारता येत नाही, तुम्हाला येतं. कोणी कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल.

पट्टी खाली आहे, डाव्या बाजूला. जरा वाका आणि तारीख वाचा.